जुन्या वीजबिलांची साक्ष

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घर बांधावयास काढले म्हणजे मनुष्याची किती दमछाक होते आणि मनाशी योजलेला खर्च बघता बघता कसा दीडपट होतो, हे तिने तीन शब्दांत सांगितले आहे. परंतु घर बांधून झाल्यावर, अथवा दुसऱ्याने बांधलेले घर भाड्याने घेतल्यावर, त्या घरात नुसते राहण्यासाठी दरमहा जो खर्च करावा लागतो, त्याविषयी ही म्हण मौन बाळगते. ज्या काळी ती रूढ झाली, त्या काळी असा खर्च बेताचाच होता. दिव्याला तेल आणि चुलीला सरपण मिळाले की घराचे भागत असे. आज दिवा, पंखा, पाणी चढविणारा पंप, फ्रीज, गीझर ही सारी विजेवर चालतात, आणि भाड्याच्या मागोमाग दर महिन्याला आणखी एक रक्कम घराबाहेर जाते.

शहरात बदली होऊन आलेले एखादे कुटुंब घर शोधावयास निघाले म्हणजे काय घडते, ते पाहण्यासारखे असते. आई भाडे व अनामत रक्कम विचारते. वडील नळ सोडून पाहतात व पाणी किती वाजता येते याची चौकशी करतात. आजी भिंतीवरून हात फिरवून कोठे ओल आहे काय, याचा अंदाज घेतात. मुले तोवर गच्चीवर पोहोचलेली असतात. शेजार कसा आहे, शाळा किती दूर आहे, दळणाची गिरणी जवळ आहे का, असे सर्व प्रश्न विचारून होतात. एकच प्रश्न बहुधा राहून जातो : या घराला वीज किती लागते?

वीज माणसे वापरतात, घर थोडेच वापरते, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे निम्मेच खरे आहे. सोलापूर व मराठवाडा या भागांत माळवदाची जुनी घरे अद्याप पाहावयास मिळतात. त्यांच्या भिंती दोन-दोन हात जाडीच्या असतात व छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. बाहेर वैशाखवणवा पेटलेला असला तरी अशा घराच्या मधल्या खोलीत दुपारी सुखाने झोप लागते. कोकणातील कौलारू घर उतरत्या छपराचे असते. त्याला पुढे पडवी व मागे पडवी असल्यामुळे भिंतींवर ऊन थेट पडत नाही आणि कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. या दोन्ही घरांत पंखा नसला तरी पूर्वी लोकांचे चालत असे.

आता सिमेंटच्या इमारतीतील अगदी वरच्या मजल्याचे घर घ्या. दिवसभर उन्हाने तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर लगेच निवत नाही. दिवसा साठविलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडू लागतो. रात्री दहा वाजता अंगणात गार वारा सुटलेला असतो आणि वरच्या मजल्यावर मात्र पंख्याखाली बसलेल्या माणसाला भट्टीसमोर बसल्यासारखे वाटते. पश्चिमेकडील भिंत उघडी असेल तर विचारावयासच नको. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील घर आकाराने व रचनेने तसेच असते, भाडेही जवळजवळ तेवढेच असते, पण त्याच्या डोक्यावर दुसऱ्या घराची सावली असते. खालच्या घरात एक पंखा पुरतो. वरच्या घरात दोन पंखे फिरतात, आणि ऐपत असेल तर वातानुकूलन यंत्र येते. काही घरे तापत नाहीत, पण तेथे अंधार असतो. दोन इमारतींमधील अरुंद बोळाकडे खिडकी उघडत असेल तर भर दुपारी बारा वाजता पुस्तक वाचण्यासाठी दिवा लावावा लागतो. शिवाय घरमालकाने वीस वर्षांपूर्वी बसविलेला पंखा व गीझर हेही घराचेच भाग होत. भाडेकरू ते बदलत नाही. त्यांचे बिल तेवढे भरतो.

हा खर्च डोळ्यांनी दिसत नाही, हीच त्यातील अडचण होय. ओल दिसते, तडा दिसतो, तुटलेली फरशी दिसते. डिसेंबर महिन्यात घर पाहावयास गेलेल्या माणसाला मे महिन्यातील उकाडा दिसत नाही. तो त्याला घर घेतल्यावर, अनामत रक्कम देऊन बसल्यावर, समजतो. ज्याच्या पगारातील एकेक रुपया आधीच वाटला गेलेला असतो, त्या माणसाला बिलाची अशी अनपेक्षित वाढ फार जड जाते. मग पंखा बंद ठेवून आजारी माणसाला उकाड्यात झोपवावे, की किराणा उधारीवर आणावा, असे प्रश्न घरात उभे राहतात.

सुदैवाने या गोष्टीची नोंद ठेवणारा एक लेखनिक प्रत्येक घराच्या दाराशी बसलेला असतो. तो म्हणजे विजेचा मीटर. एक हजार वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले म्हणजे जेवढी वीज खर्च होते, तिला एक युनिट म्हणतात. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा सुमारे तेरा तास फिरला म्हणजे एक युनिट होते. दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळावा तेव्हा तेवढीच वीज लागते. उलट दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासातच एक युनिट फस्त करतो. मीटर ही सर्व युनिटे मोजीत राहतो आणि महिन्याच्या महिन्याला त्यांचा आकडा बिलावर उतरतो. बिलावर चालू महिन्याबरोबर मागील महिन्यांतील वापरही छापलेला असतो. त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. भरावयाची रक्कम आणि शेवटची तारीख एवढे पाहून बिल घडी घालून ठेवले जाते. वस्तुतः त्या ओळीत घराचा वर्षभराचा इतिहास असतो.

या इतिहासाचा उपयोग कसा होतो, हे एका सोप्या हिशेबाने समजेल. एका कुटुंबाने दोन घरे पाहिली, असे समजू. पहिल्या घराचे भाडे महिना ९,००० रुपये आणि दुसऱ्याचे ९,८०० रुपये. पहिले घर स्वस्त, असे कोणीही म्हणेल. परंतु जुनी बिले पाहिली तेव्हा पहिल्या घरात वर्षाला ३,००० युनिटे व दुसऱ्यात १,५०० युनिटे वीज लागल्याचे दिसले. हिशेब सुलभ व्हावा म्हणून युनिटला सरसकट १० रुपये धरू. पहिल्या घराचा विजेचा खर्च वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये झाला. दुसऱ्याचा वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. भाडे व वीज मिळून पहिले घर ११,५०० रुपयांना पडते आणि दुसरे ११,०५० रुपयांना. जे घर आठशे रुपयांनी महाग वाटत होते, ते साडेचारशे रुपयांनी स्वस्त निघाले. वर्षाचा फरक ५,४०० रुपयांचा झाला. एका मुलाची पुस्तके, वह्या व गणवेश एवढ्यात येऊ शकतात.

प्रत्यक्षात दर असा सरसकट नसतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना टप्प्याटप्प्याने दर लागतो. महिन्याला पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून अधिक, त्यानंतर ५०० पर्यंत आणखी अधिक, असा हा जिना आहे. त्यामुळे अधिक वीज खाणारे घर केवळ अधिक युनिटे खाते असे नाही. ती युनिटे महागही पडतात. आणि दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या बिलातील रुपयांचा आकडा आज उपयोगी पडत नाही. युनिटांचा आकडा मात्र शिळा होत नाही. म्हणून जुने बिल पाहताना प्रथम युनिटे पाहावी व त्यांना आजच्या दराने गुणावे.

घर घेणाऱ्याला ही माहिती मिळालीच पाहिजे, असा विचार जगात काही ठिकाणी कायद्यात उतरला आहे. १९७३ साली खनिज तेलाचे भाव एकाएकी चौपटीच्या घरात गेले. थंड प्रदेशांत हिवाळ्यात घरे तापवावी लागतात, आणि ती तेल, वायू अथवा वीज यांवर तापविली जातात. त्यामुळे तेथील सामान्य माणसाचे कंबरडे मोडले. पुढे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला, की घर विकत वा भाड्याने घेऊ इच्छिणाऱ्याने मागणी केल्यास मालकाने घर तापविण्याची व थंड करण्याची मागील दोन वर्षांची बिले, किंवा त्यांचा गोषवारा, त्यास दिला पाहिजे. यात 'मागणी केल्यास' हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. ज्याला हा हक्क माहीत आहे, त्यालाच तो उपयोगी पडतो.

हवाई बेटांवरील कायदा याहून एक पाऊल पुढे गेला. ही बेटे प्रशांत महासागरात, अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३,८०० किलोमीटर अंतरावर आहेत. शेजारच्या राज्यातून तारांवरून वीज आणण्याची तेथे सोय नाही, कारण शेजारी राज्यच नाही! वर्षानुवर्षे जहाजांतून तेल आणावयाचे आणि ते जाळून वीज करावयाची, असा क्रम तेथे चालत आला. म्हणून अमेरिकेच्या सर्व राज्यांत हवाईची वीज अतिशय महाग पडते. तेथे २००९ साली झालेल्या कायद्याने घर विकणाऱ्यावर असे बंधन घातले, की घरात वस्ती असलेल्या अगदी अलीकडच्या तीन महिन्यांचा विजेचा खर्च त्याने खरेदीदारास सांगावा. खरेदीदाराने विचारण्याची वाट पाहावयाची नाही.

'वस्ती असलेल्या' हे शब्द कायद्यात का घातले असावेत? ते नसते तर एखाद्या चतुर मालकाने घर तीन महिने कुलूप लावून ठेवले असते आणि मग बिले पुढे करून, पाहा, आमच्या घराला वीज लागतच नाही, असे सांगितले असते. बिल खोटे नसते. तरी त्यावरून काढलेला अर्थ खोटा ठरला असता.

येथेच या विषयातील खरी गोम आहे. जुने बिल हा एक साक्षीदार आहे. तो खोटे बोलत नाही, पण त्याला जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो, आणि तो घराविषयी बोलत आहे की घरातील माणसांविषयी, हे तो आपण होऊन स्पष्ट करीत नाही. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते. तशी ती जुन्या बिलाचीही करावी लागते.

मघाच्याच दोन घरांकडे पुन्हा वळू. पहिल्या घरात सहा माणसे राहत होती, एक आजोबा दिवसभर घरीच असत, आणि मुलगी रात्री उशिरापर्यंत अभ्यास करीत असे. दुसऱ्या घरात दोघेच जण होते व दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत. मग पहिल्या घरात दुप्पट वीज लागली, यात घराचा दोष कोणता? उलट दर माणशी हिशेब केला तर पहिल्या घरात वर्षाला ५०० युनिटे लागली आणि दुसऱ्यात ७५०. आता दुसरे घरच खर्चिक वाटू लागते. तथापि हा निष्कर्षही घाईचा होईल, कारण फ्रीज दोन माणसांसाठी असला तरी दिवसरात्र चालतो आणि सहा माणसांसाठी असला तरी तेवढाच चालतो.

मग घर व माणसे यांचा हिशेब वेगळा कसा करावा? एक युक्ती अशी आहे. आपल्या प्रदेशात फेब्रुवारी महिन्यात बहुतेक ठिकाणी फार थंडीही नसते आणि फार उष्माही नसतो. त्या महिन्यात जी वीज लागते ती मुख्यतः माणसांच्या नित्य गरजांची असते : दिवे, फ्रीज, मिक्सर, दूरचित्रवाणी. मे महिन्यात माणसे तीच असतात व गरजाही त्याच असतात. वाढतो तो केवळ उन्हाळा. तेव्हा मे महिन्याच्या युनिटांतून फेब्रुवारीची युनिटे वजा केली म्हणजे जे उरते, ते बहुतांशी घराच्या तापण्यामुळे आलेले असते. पहिल्या घरात फेब्रुवारीत २२० व मे महिन्यात २६० युनिटे लागली असतील, तर सहा माणसांना थंडावा देण्यास अवघी ४० युनिटे पुरली. ते घर थंड आहे. दुसऱ्या घरात फेब्रुवारीत ८० आणि मे महिन्यात २०० युनिटे लागली असतील, तर फक्त रात्रीपुरते घरी असणाऱ्या दोन माणसांसाठी १२० युनिटे अधिक खर्च झाली. ते घर वरच्या मजल्यावरचे असावे, अशी शंका घेण्यास हरकत नाही.

ही युक्तीही डोळे झाकून वापरता येत नाही. मे महिन्यात शाळांना सुटी असते. पुष्कळ कुटुंबे गावी जातात व शहरातील घराला महिनाभर कुलूप असते. अशा घराचे मे महिन्याचे बिल तीस-चाळीस युनिटांचेच असणार, म्हणून ते घर थंड ठरत नाही. गच्चीवर सौर पॅनेल असेल तर तेथे तयार झालेली वीज बिलातून वजा होते. बिल लहान दिसले तरी वापर मोठा असू शकतो. जुन्या वाड्यांत व चाळींत कित्येक ठिकाणी एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असतात. तेथे एका बिऱ्हाडाचा वापर बिलावरून मुळीच समजत नाही. शिवाय आधीच्या बिऱ्हाडाने वातानुकूलन यंत्र बरोबर नेले असेल, किंवा काटकसरीपोटी उकाडा निमूटपणे सोसला असेल, तर बिल तेही सांगत नाही. सोसलेल्या उकाड्याची नोंद मीटरमध्ये होत नाही.

युरोपातील देशांनी या अडचणींवर पुष्कळ विचार केला आहे. विकावयाच्या घरांचे ऊर्जामापन करून त्याचे पत्रक देणे डेन्मार्कने १९९७ सालीच सक्तीचे केले. पुढे २००२ साली युरोपीय संघाने आपल्या सर्व सभासद देशांस असा आदेश दिला, की घर बांधताना, विकताना किंवा भाड्याने देताना त्याचे ऊर्जापत्रक उपलब्ध असले पाहिजे. जर्मनीत हे पत्रक दोन प्रकारचे असते. एक प्रकार आपल्या जुन्या बिलांसारखा आहे : सलग ३६ महिन्यांत घर तापविण्यास व पाणी ऊन करण्यास प्रत्यक्ष किती ऊर्जा लागली, ते त्यात नोंदवितात. घरातील दिवे व इतर उपकरणे यांची वीज त्यात धरीत नाहीत. एक वर्ष कडक थंडीचे आणि दुसरे सौम्य असू शकते. म्हणून हवामान खात्याने प्रत्येक ठिकाणासाठी दिलेल्या गुणकाने ते आकडे सारखे करून घेतात. घर मध्यंतरी रिकामे राहिले असेल तर तेही हिशेबात धरतात.

दुसऱ्या प्रकारात बिले पाहतच नाहीत. तज्ज्ञ मनुष्य भिंतींची जाडी, छप्पर, खिडक्यांच्या काचा, तापविण्याचे यंत्र ही सर्व तपासतो, आणि ठरावीक पद्धतीने राहणाऱ्या माणसांस या घरात किती ऊर्जा लागेल, याचे गणित मांडतो. पहिल्या पद्धतीत माणसांच्या सवयी मिसळलेल्या असतात. दुसरीत त्या नसतात, पण ते शेवटी कागदावरचे गणित असते. खरे पाहता दोन्ही जवळ असतील तर उत्तम. दोन्ही प्रकारच्या पत्रकांवर हिरव्यापासून तांबड्यापर्यंत रंगांची पट्टी छापलेली असते व घर तिच्यावर कोठे बसते ते बाणाने दाखविलेले असते. घर पाहावयास आलेल्या माणसास हे पत्रक दाखविलेच पाहिजे, असा नियम जर्मनीत २०१४ पासून लागू झाला.

अशा पट्टीची ओळख आपल्याकडील मुलांनाही आहे. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांची पट्टी चिकटविलेली असते आणि वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने ही पद्धत २००६ साली सुरू केली. २०१९ साली याच संस्थेने राहत्या घरांसाठीही ताऱ्यांची पट्टी आणली. मात्र ती घेणे बांधणाऱ्याच्या इच्छेवर सोपविलेले आहे. पंधरा-वीस हजारांच्या फ्रीजवर त्याची भूक लिहिलेली असते आणि आयुष्याची पुंजी ओतून घेतलेल्या घरावर बहुधा ती नसते, हे चमत्कारिक आहे खरे.

माहिती उघड झाल्याने घर घेणाऱ्याचा लाभ होतो, हे स्पष्टच आहे. परंतु त्याचा एक परिणाम घरमालकावरही होतो. वरच्या मजल्यावरील घराच्या स्लॅबला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना किंवा पांढरा रंग फासला तर ऊन परतविले जाते व खोली कमी तापते. यास थोडाबहुत खर्च येतो. तो करावा कोणी? मालक म्हणतो, बिल भाडेकरू भरतो, मग मी खर्च का करू? भाडेकरू म्हणतो, घर दुसऱ्याचे, उद्या सोडावे लागले तर माझा खर्च पाण्यात! दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते आणि स्लॅब मात्र तापतच राहतो. जेव्हा घर दाखविताना बिलेही दाखवावी लागतात, तेव्हा ही कोंडी फुटू लागते. थंड घराला चांगले भाडे मिळते, तापणाऱ्या घराकडे पाहून लोक परत जातात, आणि मग मालकाला चुन्याचा डबा स्वस्त वाटू लागतो.

दुसऱ्या बाजूने एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. जुने बिल हे ज्या कुटुंबाचे असते, त्याच्या खासगी जीवनाचाही तो कागद असतो. त्यावर नाव असते, ग्राहक क्रमांक असतो. आता बसविले जाणारे स्मार्ट मीटर तर दर अर्ध्या अथवा पाव तासाचा वापर टिपून ठेवू शकतात. त्यावरून घरात माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात, घर कोणत्या वेळी रिकामे असते, हेसुद्धा ओळखता येते. घर पाहावयास आलेल्या अनोळखी माणसास हे कळण्याचे काही कारण नाही. त्याला महिन्यामहिन्याची युनिटे, घरातील माणसांची संख्या आणि घर कोणत्या महिन्यांत बंद होते, एवढे कळले म्हणजे पुरे. तेव्हा नाव व क्रमांक झाकून केवळ आकडे देणे हाच उचित मार्ग होय.

आपल्याकडे घर विकत घेणारे जाणते लोक विजेची चौकशी करतात, पण ती थकबाकीपुरती. ती चौकशी आवश्यकच आहे. आधीच्या मालकाने न भरलेली रक्कम काही मर्यादेपर्यंत नव्या मालकाकडून वसूल करण्याची तरतूद महाराष्ट्रातील नियमांत आहे, आणि अशा प्रकारचे नियम वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. परंतु थकबाकी नाही याचा अर्थ मागील बिले भरली गेली, एवढाच होतो. ती किती मोठी होती, हे त्यावरून कळत नाही. ते विचारण्यास मात्र कोणाची मनाई नाही.

प्रारंभी उल्लेखिलेले कुटुंब असे विचारावयाचे ठरवून निघाले, अशी कल्पना करू. घरमालक सज्जन आहेत. स्वयंपाकघराच्या दारामागे एका तारेला वर्षभराची बिले टोचून ठेवलेली आहेत. ते ती काढून आणतात. वडील चष्मा लावून एकेक बिल पाहतात आणि मे महिन्याच्या बिलापाशी थांबतात. अवघी पस्तीस युनिटे! त्यांचा चेहरा उजळतो. घर थंड आहे असे ते बोलून दाखविणार, इतक्यात आजी विचारतात, "दादा, गेल्या मे महिन्यात येथे कोण राहत होते?"

"एक मास्तर होते, आजी. भले माणूस. त्या महिन्यात ते लेकीकडे नागपूरला गेले होते."

"असे होय!" आजी म्हणतात, "मग एप्रिलचे बिल दाखवा पाहू."